गल्ल्यातला दवाखाना, वहीतला दवाखाना

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये संध्याकाळी साडेसातला कुठल्याही गल्लीत शिरलं, तरी हे चित्र दिसतं. शटरचा दहा बाय बाराचा गाळा. बाहेर बाकड्यावर सहा जण, पायरीवर दोघे, आणि आपला नंबर कितवा म्हणून तिसऱ्यांदा विचारणारी एक सिंधी आजी. आत पडद्यापलीकडे डॉक्टर, अलीकडे कंपाउंडर. कंपाउंडरच्या टेबलाच्या खणात शंभराच्या, पन्नासाच्या नोटा पडत राहतात. मध्येच काउंटरवरचा स्पीकर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगतो. रात्री साडेदहाला शटर ओढताना खण रिकामा होतो. औषधांच्या स्टॉकिस्टचे, गाळ्याच्या भाड्याचे आणि कंपाउंडरचे पैसे बाजूला निघतात, उरलेले डॉक्टरांच्या खिशात जातात. दिवस संपला, आणि लिहिलं कुठेच काही नाही.

याच दवाखान्याला एक दिवस ईसीजीचं मशीन घ्यावंसं वाटतं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रिक्षावाल्याला नुसत्या अंदाजावर कल्याणला पाठवायचं, हे डॉक्टरांच्याच मनाला पटेनासं होतं. सोबत लसींसाठी चांगला फ्रिज, नवा ऑटोक्लेव्ह, जमल्यास शेजारचा गाळा. हिशेब आठ लाखांवर जातो. बँकेतला साहेब चहा पाजतो, "डॉक्टर, तुम्हाला नाही म्हणणार का?" असं म्हणतो आणि तीन वर्षांची रिटर्न्स मागतो. रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न अडीच लाख दाखवलेलं असतं. अडीच लाखांच्या माणसाला आठ लाखांचं कर्ज कोण देणार?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या जनरल प्रॅक्टिशनरची अडचण बहुतेक वेळा इथून सुरू होते. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांच्या वर, अंबरनाथ अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास होतं. त्यानंतर बदलापुरात किती टॉवर उभे राहिले, हे सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये चढणाऱ्याला विचारावं. एवढ्या लोकांचा ताप, खोकला, साखर आणि रक्तदाब पहिल्यांदा पाहतो तो गल्लीतला डॉक्टर. या दवाखान्यांपैकी किती तरी बीएएमएस आणि बीएचएमएस पदवीधरांचे आहेत, हेही इथलं वास्तव.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. खासगी दवाखाना काढला म्हणून सरकार अनुदान देतं, अशी योजना नाही. ब्रिटनमध्ये जीपीच्या दवाखान्याला नोंदलेल्या रुग्णांच्या प्रमाणात सरकारी आरोग्यसेवेकडून वर्षाला पैसे मिळतात, त्यामुळे तिथे दवाखान्याचा निधी हा धोरणाचा विषय असतो. आपल्याकडे पैसा आहे, पण तुकड्यातुकड्यांत. थोडा कर्जाच्या रूपाने, थोडा व्याजाच्या परताव्यात, थोडा एखाद्या कामाच्या मोबदल्यात. हे तुकडे गोळा करायचे तर कागद लागतात, आणि कागदांची सुरुवात रोजच्या वहीपासून होते.

समजा, एक डॉक्टर दिवसाला साठ रुग्ण पाहतात, सरासरी शंभर रुपये घेतात आणि महिन्याला पंचवीस दिवस बसतात. महिन्याची जमा दीड लाख, वर्षाची अठरा लाख. आयकर कायद्यात वैद्यकीय व्यवसायासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४ एडीएमध्ये होती, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक वेगळा. जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि खर्चाच्या पावत्यांचं बाड सांभाळण्यातून सुटायचं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर ही सोय मिळते, आणि रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. आपल्या डॉक्टरांचं उत्पन्न झालं नऊ लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे खरं उत्पन्न दाखवून या डॉक्टरांना कराचा एक रुपयाही भरावा लागत नाही. अडीच लाख दाखवून ते वाचवत होते काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या सीएला एकदा विचारावा. प्रत्यक्षातला नफा निम्म्याहून जास्त असेल, तर जास्तच दाखवायचा, हे ओघाने आलंच.

आता बँकेकडून पाहू. आठ लाख, पाच वर्षं, व्याज समजा अकरा टक्के, तर हप्ता साधारण १७,४०० रुपये. महिना ७५ हजारांच्या उत्पन्नाला हा हप्ता पेलतो. अडीच लाखांच्या रिटर्नमध्ये मात्र महिन्याचे हातात येतात एकवीस हजारांच्या आत, आणि फाइल तिथेच मिटते. म्हणून कर्जाचा विचार मनात येईल त्याच्या निदान दोन वर्षं आधी तीन गोष्टी सुरू कराव्यात. रोजची जमा वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहायची. रोख दर आठवड्याला बँकेत भरायची, तीही घरच्या बचत खात्यात न घालता दवाखान्याच्या चालू खात्यात. आणि क्यूआर कोड त्याच खात्याला जोडायचा. पुष्कळ ठिकाणी तो कोड डॉक्टरांच्या पत्नीच्या, नाहीतर कंपाउंडरच्या खात्याला जोडलेला सापडतो! सोय म्हणून केलेली ही गोष्ट बँकेच्या नजरेत दवाखान्याची निम्मी जमा गायब करते.

वही झाली की सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी असले की अर्ध्या तासाचं काम. दवाखाना सेवा उद्योगात मोडतो. स्टेशनबाहेर कुणी या प्रमाणपत्राचे हजार-दोन हजार मागत असेल, तर ती त्याच्या टायपिंगची किंमत समजावी. या नोंदणीमुळे बँकेला ते कर्ज प्राधान्य क्षेत्रात दाखवता येतं, म्हणून शाखेतला साहेबही जरा मऊ होतो. इथे एक बारकावा आहे. आरोग्यसुविधा उभारण्यासाठी दिलेलं कर्ज प्राधान्य क्षेत्रात धरण्याची रिझर्व्ह बँकेची वेगळी तरतूद लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या गावांसाठी आहे. आपली तिन्ही शहरं लाखाच्या वरची, त्यामुळे ते दार इथे बंद. वांगणीच्या बाजूला दुसरा दवाखाना काढणाऱ्याने मात्र बँकेत त्याची चौकशी करावी.

छोट्या गरजेसाठी मुद्रा. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून ‘तरुण प्लस’ची वीस लाखांपर्यंतची पायरी आली. तारण लागत नाही. अर्ज शाखेत देता येतो, तसाच जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या जनसमर्थ पोर्टलवरही. ऑनलाइन अर्जाचा फायदा असा की त्याला क्रमांक मिळतो. "तुमचा अर्ज कुठे दिसत नाही" हे वाक्य मग ऐकावं लागत नाही. रक्कम मोठी असेल, म्हणजे दोन डॉक्टर मिळून डे-केअर काढताहेत किंवा सोनोग्राफी घेताहेत, तर सीजीटीएमएसई या न्यासाची हमी आहे. २००० साली स्थापन झालेल्या या न्यासाची हमीमर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी झाली. बँकेने घर गहाण मागितलं, तर "या हमीखाली प्रस्ताव पाठवता येईल का?" एवढा एक प्रश्न विचारायचा. फक्त लक्षात ठेवावं की हमी मिळते बँकेला. हप्ता चुकला तर वसुलीसाठी दार वाजायचं ते डॉक्टरांचंच, आणि हमीचं शुल्कही शेवटी कर्जदाराकडूनच वसूल होतं.

सोनोग्राफीचं नाव निघालं म्हणून: १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी हातात पडल्याशिवाय मशीनच्या विक्रेत्याला एक पैसाही आगाऊ देऊ नये. मशीन गोदामात, नोंदणी अडकलेली आणि हप्ता सुरू, असा प्रसंग ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

महामंडळांचा रस्ता थोडा लांबचा. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत मराठा समाजातल्या अर्जदाराला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं, एकूण साडेचार लाखांपर्यंत. हप्ता आधी डॉक्टरांनी भरायचा, व्याज मागाहून खात्यात येतं. यात चूक होते ती क्रमाची. महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र आधी आणि बँकेची मंजुरी नंतर. उलटं केलं की दावा अडकतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला आठ लाखांची मर्यादा असल्याने वरच्या उदाहरणातले डॉक्टर यात बसत नाहीत. दोन-तीन वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केलेला तरुण मात्र बसू शकतो. इतर मागासवर्गीयांसाठीच्या महामंडळाचीही व्याज परताव्याची योजना आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या स्टँड-अप इंडियाचं नाव अजून कुणी कुणी घेतं, पण त्या योजनेची मुदत मार्च २०२५ ला संपली. जुन्या माहितीपत्रकाच्या भरवशावर प्रकल्प अहवाल बनवून घेण्याआधी बँकेत नव्या योजनेविषयी विचारून घ्यावं.

आणखी एक ‘निधी’ या धंद्यात वर्षानुवर्षं वाहत आला आहे, त्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. औषध कंपनीचा प्रतिनिधी येतो, एसी बसवून देतो म्हणतो, कॉन्फरन्सचं विमानाचं तिकीट काढतो म्हणतो. डिसेंबर २००९ पासून वैद्यकीय आचारसंहितेत अशा भेटी, प्रवास आणि पाहुणचार घ्यायला मनाई आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही, असं ठरवलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांसाठीची नवी संहिता आणली. कंपनीच्या वहीत त्या एसीची नोंद डॉक्टरांच्या नावावर होते, आणि ती वही उद्या कोण उघडेल, हे डॉक्टरांच्या हातात नसतं. ईसीजीचा हप्ता स्वतः भरलेला बरा.

आता केलेल्या कामाच्या मोबदल्याकडे वळू. क्षयरोगाचा रुग्ण सापडला की तो नोंदवणं खासगी डॉक्टरांवर मे २०१२ पासून बंधनकारक आहे. नि-क्षय पोर्टलवर नोंद केली की खासगी डॉक्टरांना ५०० रुपये, आणि उपचार पूर्ण झाल्याचा निकाल कळवला की आणखी ५००, थेट बँक खात्यात. रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये मिळतात, औषधं आणि तपासणी मोफत. हजार रुपयांनी कुणाचा दवाखाना उभा राहत नाही, हे खरंच. पण चाळीत राहणाऱ्या पेशंटला सहा महिने गोळ्या मोफत मिळतात, तो दर महिन्याला वजन करायला आपल्याकडेच येतो आणि त्याच्या घरचे चौघेही आपलेच पेशंट होतात. हा हिशेब खणातल्या नोटांत दिसत नाही.

कामगार विमा योजनेचे पॅनेल डॉक्टर ही आणखी जुनी सोय. १९४८ च्या कायद्याखाली सुरू झालेल्या या योजनेत खासगी जीपी आपल्याच दवाखान्यात विमाधारक कामगारांना तपासतो आणि नोंदलेल्या कुटुंबांच्या संख्येवर त्याला मोबदला मिळतो. ब्रिटनच्या पद्धतीची सर्वात जवळची नात्यातली गोष्ट हीच. पैसे थोडे आणि सावकाश येतात, पण नव्या दवाखान्याला बांधील रुग्णांची यादी मिळते. २१ हजारांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात आणि अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत अशांची वाण नाही.

एमआयडीसी. या पट्ट्यातल्या डॉक्टरांची खरी संधी इथेच आहे आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना मळमळ आणि श्वासाचा त्रास झाला. जून २०२१ मध्ये बदलापुरात रात्री वायुगळती झाली, लोक नाकाला रुमाल बांधून घराबाहेर आले. अशा रात्री पहिलं दार वाजतं ते जवळच्या डॉक्टरांचं. त्या एका रात्रीपेक्षाही महत्त्वाचं आहे ते रोजचं दुखणं. सहा महिन्यांपासून खोकणारा रिॲक्टर ऑपरेटर, हातांची सालं निघणारा पॅकिंगचा मुलगा. तीन वेळा कफ सिरप दिल्यावर चौथ्यांदा "काम काय करता?" हे विचारायचं सुचतं. तो प्रश्न पहिल्या भेटीतच केसपेपरवर यायला हवा. आजवरच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्यवसायजन्य आजार दिलेले होते आणि त्यांतला एखादा आढळला तर तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही ती जबाबदारी कायम आहे.

धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना वैद्यकीय अधिकारी नेमावा लागतो. आजवरच्या नियमांत पन्नासपर्यंत कामगार असतील तर ठरावीक मानधनावर बाहेरचा डॉक्टर चालतो, दोनशेपर्यंत अर्धवेळ, त्यापुढे पूर्णवेळ. अट अशी की एमबीबीएसच्या जोडीला औद्योगिक आरोग्याचं किमान तीन महिन्यांचं प्रशिक्षण हवं. त्या अभ्यासक्रमाला एएफआयएच म्हणतात आणि तो चालतो सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये. बदलापूरहून फास्ट पकडायची, कुर्ल्याला उतरून स्लोने एक स्टेशन. संस्था इतक्या हाकेच्या अंतरावर असूनही स्थानिक जीपी तिकडे फिरकत नाहीत, याचं कारण उघड आहे. अभ्यासक्रम पूर्णवेळ, म्हणजे तीन महिने सकाळचं शटर बंद. आपल्या उदाहरणातल्या डॉक्टरांची तीन महिन्यांची जमा साडेचार लाख. निम्मे रुग्ण संध्याकाळी येतात असं धरलं आणि संध्याकाळचा दवाखाना चालू ठेवला, तरी सव्वादोन लाखांचा खड्डा. हा खड्डा भरायला शेजारच्या डॉक्टरशी सकाळची अदलाबदल ठरवता येते. यंदा त्याने सांभाळायचं, पुढच्या वर्षी आपण. चाळिशीच्या आतल्या, एमआयडीसीच्या दोन-तीन किलोमीटरच्या टापूत बसणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांनी हा खर्च करावा, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. पंचावन्नच्या पुढच्यांनी त्याऐवजी स्पायरोमेट्री शिकून घ्यावी.

शिवाय काळही अनुकूल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर आली. सगळेच कारखाने त्यासाठी मुंबईहून तपासणीची गाडी मागवणार नाहीत. जवळच्या दवाखान्यात वजन, रक्तदाब, साखर, फुप्फुसाची तपासणी, ईसीजी आणि नीट छापलेला अहवाल मिळत असेल, तर मॅनेजर तिथेच पाठवेल. मात्र दर तोंडी ठरवू नये, पत्र घ्यावं. बिल थकलं तर? इथे उद्यम नोंदणी पुन्हा कामाला येते. २००६ च्या सूक्ष्म व लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. काम करण्याच्या आधी नोंदणी झालेली असली पाहिजे, एवढीच मेख.

शिक्षणाकडे बहुतेक डॉक्टर पाहतात ते नूतनीकरणाच्या वर्षी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. मग शेवटच्या चार महिन्यांत रविवारमागून रविवार हॉटेलांतल्या हॉलमध्ये जातात. विषय कुठलाही असो, सही करायची, जेवायचं आणि निघायचं. तीस पॉइंट म्हणजे वर्षाला सहा. एवढे तर ठरवून, आपल्या गरजेचे विषय निवडून मिळवता येतात. आयएमएच्या स्थानिक शाखांच्या सभांना नियमित जाणाऱ्याला त्यासाठी डोंबिवली ओलांडायचीही गरज नाही. शिवाय ९ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये अंबरनाथचंही नाव आहे. इथल्या डॉक्टरांनी शाखेतर्फे तिथल्या मेडिसिन आणि कम्युनिटी मेडिसिन विभागांकडे एक अर्ज द्यावा: महिन्यातून एक संध्याकाळ, एक विषय, जीपींसाठी. कॉलेजला समाजाशी जोडून घ्यायचंच असतं, फक्त कुणी तरी मागायला हवं.

लांब पल्ल्याचं शिकायचं असेल तर पर्याय आहेत. वेल्लोरच्या सीएमसीने २००६ मध्ये फॅमिली मेडिसिनचा दोन वर्षांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला, दवाखाना चालू ठेवून करता येईल असा. मधुमेहासाठी पब्लिक हेल्थ फाउंडेशन आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने २०१० पासून चालवलेला वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. त्यात महिन्यातून एक दिवस वर्ग. पदवीच्या पाटीपेक्षा या दुसऱ्याचा उपयोग लवकर दिसतो, कारण उल्हासनगरच्या कुठल्याही दवाखान्यात दिवसाच्या साठ रुग्णांत साखरेचे किती असतात, हे डॉक्टरांना सांगायला नको.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक. २०१४ च्या कायदादुरुस्तीने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, सीसीएमपी, पूर्ण करणाऱ्यांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची मुभा दिली. २०२५ मध्ये त्यांची मेडिकल कौन्सिलकडे स्वतंत्र नोंदवहीत नोंद करण्यावरून वाद पेटला आणि १८ सप्टेंबरला आयएमएच्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला. बाजू कुणाचीही घ्यावी, पण हा विषय न्यायालयात असेपर्यंत एवढ्याच प्रमाणपत्राच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नये. बीएचएमएस डॉक्टरांनी आपल्या पॅथीच्या बळावर चालेल असाच हिशेब बँकेपुढे ठेवावा.

बँक, विमा कंपनी, कारखाना यांपैकी कुणीही विचारला की सर्वात जास्त वेळा न सापडणारा कागद म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याचा परवाना. २०१६ च्या नियमांप्रमाणे खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. तिचं नूतनीकरण करावं लागत नाही, ती एकदाच घ्यायची. मंडळाचं कार्यालय कल्याणला. सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंजचं प्लास्टिक लालमध्ये, काच निळ्यात. आणि रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त काळ दवाखान्यात ठेवायचा नाही. कंपाउंडर बदलला की ही रंगांची शिकवणी पुन्हा घ्यावी लागते. नवा माणूस पहिल्या आठवड्यात सगळं पिवळ्यात टाकतो.

विम्याचेही दोन कागद. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून व्यावसायिक जबाबदारीचा विमा टाळण्यात अर्थ नाही. दुसरा मालमत्तेचा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देतात. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, आगीबरोबर पूरही धरून. बदलापूरला पुराचं वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले, त्याच पाण्यात उल्हास नदीकाठच्या तळमजल्यांवरचे किती फ्रिज बुडाले, याची नोंद कुणाकडे नाही. कर्जाने घेतलेल्या प्रत्येक मशीनचा अनुक्रमांक आणि पावती पॉलिसीच्या कागदांना जोडावी. नव्या फ्रिजखाली विटांचा दोन फुटी कट्टा बांधून घ्यावा, आणि प्लगचा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून खांद्याच्या उंचीवर न्यावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला वेळ मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्येच बोलवावं.